बुटाचा नाल आणि घोड्याची टाच

उत्तम चामडी बुटाला नवा तळ बसवायचा तर काम टाचेपासून सुरू होतं. आधी टाच काढायची, मग शिवण उसवून झिजलेला तळ सोडवायचा, नवा शिवायचा आणि टाचेचे थर पुन्हा चढवायचे. गिऱ्हाईक जुन्या वळणाचं असेल तर शेवटी टाचेच्या मागच्या कडेला लोखंडाची अर्धचंद्राकृती पट्टी ठोकायची. या पट्टीला म्हणतात नाल. घोड्याच्या खुराखाली असतो तोही नालच. आकार सारखा म्हणून नाव सारखं, असं समजून आपण मोकळे होतो. पण मूळ अरबी शब्द ‘नअल’ हा आधी माणसाच्या पायातल्या वहाणेचा आहे. घोड्याच्या लोखंडाला तो मागाहून लागला. म्हणजे हा शब्द माणसाच्या पायातून घोड्याच्या पायात गेला, आणि फारसीच्या वाटेने दख्खनेत येऊन पुन्हा माणसाच्या टाचेखाली बसला. या फेरीत तळ बदलण्याची कल्पनाही शब्दाबरोबर फिरली, असं माझं म्हणणं आहे.

या म्हणण्याला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला संस्कृतकडे बोट दाखवतो: नाल म्हणजे देठ, पोकळ नळी. बंदुकीच्या नळीपर्यंत ही व्युत्पत्ती चालते, पण टाचेखालच्या चपट्या पट्टीत पोकळ काय आहे? शिवाय नाल ठोकणारा तो ‘नालबंद’, आणि हा समास नखशिखांत फारसी वळणाचा. दुसरा प्रतिस्पर्धी जास्त तगडा आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली, पुण्याला इंग्रजांची छावणी बसली. इंग्रज शिपायाच्या जाड बुटाला पुढे खिळे आणि टाचेला घोड्याच्या नालासारखं लोखंड असे. पुण्याच्या कारागिरांनी ते पाहिलं आणि दिसलं तसं नाव ठेवलं. त्यात अरबस्तानचा काय संबंध, असा हा युक्तिवाद. तो खोडायला इस्तंबूलपर्यंत जावं लागतं. तुर्की भाषेत घोड्याचा नाल ‘नाल’च, आणि बुटाच्या टाचेखालचं लोखंड ‘नालचा’, म्हणजे छोटा नाल. तुर्कांना हा शब्द सुचायला पुण्याच्या छावणीची गरज पडली नव्हती. अरबी-फारसी शब्दांचा वारसा जिथे पोचला तिथे घोड्याचं आणि जोड्याचं लोखंड एकाच घरातलं मानलं गेलं. दख्खनेत फारसी बहमनी काळापासून दरबारात होती. तेव्हा छावणीने पुण्याला नवा बूट दिला असेल, पण त्याच्या टाचेखालच्या लोखंडाचं नाव इथे आधीच तयार होतं.

आणि ती टाच तरी कुठली? साहेबी बुटाची उंच टाच आपण इंग्रजी समजतो. पादत्राणांच्या इतिहासाचे अनेक अभ्यासक तिचं मूळ इराणी घोडेस्वाराच्या पायात शोधतात. रिकिबीत पाय अडकून राहावा, स्वाराला उभं राहून बाण सोडता यावा, यासाठी ती टाच होती. शाह अब्बासने १५९९ मध्ये युरोपातल्या दरबारांकडे वकिलात पाठवली, त्या सुमारास इराणी वेशभूषेचं तिथे आकर्षण वाढलं आणि स्वाराची टाच सरदारांच्या पायात आली. पुढे घोडा सुटला, टाच राहिली. हे मान्य केलं तर कचेरीत घालायच्या काळ्या बुटात वरची टाच आणि तिच्याखालचं लोखंड या दोन्ही गोष्टी घोड्याकडून आलेल्या ठरतात. एक युरोपला वळसा घालून आली, दुसरी थेट.

इथे जाणकार आक्षेप घेईल की तळ बदलता येतो तो नालामुळे नव्हे, वेल्टमुळे. ते खरंच आहे. वरचं चामडं आणि आतला तळ यांना कडेने चामड्याची एक पट्टी शिवायची आणि बाहेरचा तळ त्या पट्टीला शिवायचा. मग वरच्या भागाला धक्का न लावता खालचा तळ उसवता येतो. युरोपात ही रीत १५०० च्या आसपास रुळली आणि १८७० च्या सुमारास चार्ल्स गुडइयर (धाकटे) यांच्या यंत्राने ती कारखान्यात नेली. शिवणकामाचा हातही आपल्याकडे घोड्याने दिलेला नाही. खिळ्याविना, चामड्याच्या वादीने शिवलेली कोल्हापुरी चप्पल त्याची साक्ष आहे. पण शिवता येणं वेगळं, आणि वस्तूचा एक भाग झिजण्यासाठीच आहे असं धरून चालणं वेगळं. बलुत्यातला चर्मकार शेतकऱ्याची मोट सांधायचा, वहाणेला ठिगळ द्यायचा. फाटलं की जोडायचं, ही डागडुजी झाली. नाल मात्र पहिल्या दिवसापासून झिजायलाच ठोकलेला असतो. साधारण दीड-दोन महिन्यांनी तो काढायचा, वाढलेला खूर तासायचा आणि नाल पुन्हा बसवायचा किंवा नवा ठोकायचा, यात कोणाला नुकसान वाटत नाही.

हा विचार पुण्याला परका नव्हता, याचा पुरावा मराठ्यांच्या लष्करी हिशेबात आहे. मोहिमेआधी शिलेदारांना जी आगाऊ रक्कम मिळे तिचं नाव ‘नालबंदी’. त्या पैशात घोड्याच्या नालापलीकडची तयारीही होई, तरी नाव नालाचंच राहिलं, कारण झीज हा टाळता न येणारा आणि आधीच मोजायचा खर्च, हे नालाइतकं ठळक दुसरं काही सांगत नव्हतं. स्वारांच्या या शहरात पुढे वेल्टचा बूट आला तेव्हा त्याचा तळ काढून नवा लावणं कारागिराला आणि गिऱ्हाइकाला विचित्र वाटलं नसणार. घोड्याच्या बाबतीत ते रोजचंच होतं. हा दुवा अंदाजाचा आहे, पण शब्द, टाच आणि हिशेब एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा त्याला योगायोग म्हणणंच जास्त अवघड.

आता रबराने लोखंडाला हटवलं आहे. गुळगुळीत फरशीवर नाल घसरतो, वाजतोही. खरा बदल मात्र त्याहून खोल आहे. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या किंवा साच्यात ओतलेल्या तळाच्या बुटात झिजणारा भाग सुटा ठेवलेलाच नसतो, म्हणून कितीही कसबी कारागिरापुढे तो नेला तरी पदरी ठिगळच पडतं. त्यामुळे महाग बूट घेताना चामड्याची चमक पाहण्याआधी उलटा करून कडेची शिवण पाहावी, आणि किमतीत दोन-तीन तळांचा खर्च तिथेच धरावा. शिलेदार मोहिमेआधी हेच करत असे.