रोग्याचा धंदा कोणी विचारला?

शेतीच्या इतिहासात पिकाच्या रोगांना जितकी पाने मिळाली, तितकी त्या पिकात राबणाऱ्यांच्या रोगांना मिळालेली नाहीत. बोंडअळी केव्हा आली, तिने किती कापूस खाल्ला, हे सरकारी कागदांत सापडते. पाठीवर पंप बांधून त्या अळीमागे फिरणारा मजूर कशाने कोसळला, हे शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. ही उणीव योगायोगाने राहिलेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा काय? आपल्याकडे हा प्रश्न हजारो वर्षे विचारला गेला. पण तो माणसाची पायरी ठरवण्यासाठी. त्या धंद्याने त्याच्या कातडीचे, फुफ्फुसाचे काय झाले, हे जाणून घ्यायची गरज कुणाला वाटली नाही.

मी माणिकपुरात राहतो. नवघर-माणिकपूर नगरपरिषद २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिकेत गेली, त्याच्या आधीपासूनच इथली शेते इमारतींखाली जात होती. तरी वसईच्या पश्चिमेकडच्या वाड्यांत भाजी, फुले, केळी अजून होतात. डहाणू-घोलवडला चिकूच्या बागा आहेत. तिथे मजुरीला जाणाऱ्या आदिवासी घरांतली मुले माझ्या वर्गात बसतात. फवारणीनंतर बापाला ओकाऱ्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरात त्याला 'ऊन लागले' म्हणतात. शेजारी 'प्याला असेल' म्हणतात. आजाराला तिसरे नाव नाही.

याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. कीटकनाशकाला आपण 'औषध' म्हणतो. पिकावर 'औषध मारतात' आणि कर्जाने गांजलेला माणूस 'औषध पितो'. मजुराला बेशुद्ध आणले आणि सोबतचा माणूस 'औषध' एवढेच बोलला, की ऐकणाऱ्याच्या मनात आत्महत्या येते. हा माणूस काहीच प्यालेला नसतो. त्याच्या भिजलेल्या सदऱ्याने, उघड्या पाठीने ते विष प्यालेले असते.

या विषाचे कूळही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ किडीवर उपाय शोधत असताना १९३६ मध्ये टाबून हे युद्धात वापरायचे विष निघाले. त्याच्याच संशोधनातून पुढे शेतीसाठी पॅराथिऑन आले. सेंद्रिय फॉस्फरसाची ही संयुगे शरीरातील कोलिनेस्टेरेज हे विकर बंद पाडतात. मग मज्जातंतूंचा निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अंगाचे मांस फडफडते, छातीत पाणी साठल्यासारखी घरघर होते. उपचार जगाला ठाऊक आहेत. कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुणे, छाती मोकळी होईपर्यंत अॅट्रोपिन, लागल्यास प्रॅलिडॉक्सिम आणि श्वासाला यंत्राचा आधार. हे अॅट्रोपिन आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यातही असते. रोगी सावरला म्हणून लगेच घरी धाडणे मात्र धोक्याचे. एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी होऊन श्वास थांबू शकतो, हे १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले.

ज्ञान होते. कायदाही होता. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरावर माणसे मेली, तेव्हा चौकशी बसली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९७१ च्या नियमांत फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी लिहिली, संरक्षक कपडे लिहिले, डब्यावर लाल-पिवळ्या-निळ्या-हिरव्या रंगांचा चौकोन लिहिला. पण त्याच कायद्याचे ३८ वे कलम वाचा. स्वतःच्या कसवणुकीतील जमिनीवर कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही! जमीन मालकाची, फवारणारी पाठ भूमिहीनाची. आणि सवलत जमिनीकडे पाहून दिलेली. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, तो या कलमात दिसतच नाही. विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याची सक्ती करण्याचा अधिकार २६ व्या कलमाने राज्य सरकारला दिला होता. कॅलिफोर्नियात डॉक्टरांवर अशी सक्ती १९७० च्या दशकाच्या आरंभीच झाली, हे इथे नोंदवतो. तिथे शेतमजुरांची संघटना उभी होती.

आजार झाकता आला नाही तो यवतमाळात, २०१७ च्या पावसाळ्यात. कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढलेली, बी.टी. बियाण्याला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी, दोन-तीन औषधांचे मिश्रण, जोराने फवारणारे पंप. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयांत गेली. कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. रक्तातील कोलिनेस्टेरेज मोजण्याची सोय यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नव्हती. कापसाचा हा जिल्हा. इथे ती नसावी? नोव्हेंबरात सरकारने पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. दोष वाटताना मजुराचा नंबर पहिला लागला : हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही. भर उन्हात, कपाशीच्या दाटीत, रबरी कपडे घालून दिवसभर पंप मारून पाहिलेला माणूस हे बोलणार नाही.

त्या पाचांत डायफेन्थिउरॉनही होते, 'पोलो' नावाने विकले जाणारे. ते फॉस्फरसाच्या कुळातले नाही. त्यावर उतारा नाही. म्हणून डब्याचे नाव कळणे हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो. यवतमाळ पोलिसांच्या कागदांत ९६ बाधितांपुढे पोलोचे नाव लिहिलेले निघाले. त्या नोंदींच्या बळावर सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. बाझलला दोन विधवा आणि एक वाचलेला माणूस दिवाणी दाव्यात उभे राहिले. कंपनीने जबाबदारी नाकारली. तरी विदर्भातल्या माणसाचा आजार त्या परक्या शहरात वाचला गेला, कारण ठाण्यातल्या कुणी शिपायाने डब्यावरचे नाव विचारून लिहून ठेवले होते.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी तेवढेच सांगतो. बापाला दवाखान्यात नेताना डबा सोबत न्या. डब्याला हात लावताना पिशवी वापरा. 'औषध' म्हणू नका, नाव सांगा. प्याला नाही, फवारत होता, हे सांगा. आणि केसपेपरवर ते लिहिले गेले की नाही, ते वाचून पाहा. तुम्हाला आता वाचता येते.