शैवाकाचा द्वैतसिद्धांत आणि 'सहजीवन' ही संकल्पना

दोन भिन्न जातींचे जीव एकत्र नांदतात आणि त्यामुळे उभयतांचे हित साधते, ही कल्पना आज शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळते. तिचे उदाहरण म्हणून शैवाक, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाचा वर्ग, हटकून दिला जातो. कवक आसरा व ओलावा पुरविते आणि शैवल अन्न तयार करते, असा तो सरळ हिशेब होय. परंतु शैवाकाचे हे दुहेरी स्वरूप ज्याने प्रथम ओळखले, त्याला त्यात परस्परहित मुळीच दिसले नव्हते. एकत्र राहणे ही वस्तुस्थिती आणि परस्परांचा लाभ हा तिच्याविषयीचा निर्णय. या दोन गोष्टी प्रारंभी कशा वेगळ्या होत्या व पुढे कशा एकरूप झाल्या, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शैवाक हा वनस्पतींचा एक स्वतंत्र वर्ग मानला जाई. लिनीअसचा शिष्य एरिक आकारियस (१७५७–१८१९) याने या वर्गाच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया घातला होता. शैवाकाच्या देहातील हिरव्या पेशींना 'गोनिडिया' अशी संज्ञा होती व त्या कवकतंतूंपासूनच उपजतात असा समज होता. १८६७ मध्ये फामिन्त्सिन व बारानेत्स्की या रशियन संशोधकांनी या पेशी अलग करून वाढविल्या. त्या स्वतंत्रपणे जगल्या, एवढेच नव्हे तर त्यांपासून चलबीजाणूही निर्माण झाले. तथापि त्यांचा निष्कर्ष उलट दिशेचा होता. काही तथाकथित शैवले म्हणजे शैवाकाच्याच मोकळ्या झालेल्या पेशी होत, असे त्यांनी मानले. वर्गाच्या स्वतंत्र अस्तित्वावरील विश्वास इतका दृढ होता की विरोधी पुरावाही त्याच्याच चौकटीत बसविला गेला.

ही चौकट मोडली ती सिमोन श्वेंडेनर याने. १० सप्टेंबर १८६७ रोजी स्वित्झर्लंडमधील ऱ्हाइनफेल्डेन येथील सभेत शैवाक हा एक जीव नसून कवक व शैवल यांचा संयोग आहे, असे मत त्याने मांडले. १८६९ च्या ग्रंथात या संयोगाचे वर्णन करताना त्याने कवकास धनी व शैवलांस त्याचे गुलाम म्हटले आहे. ज्याला आपण परस्परोपकाराचा आदर्श समजतो, त्याचे पहिले शास्त्रीय चित्र असे दास्याचे होते.

विरोध तीव्र झाला. विल्यम नायलँडर याने हा सिद्धांत अखेरपर्यंत स्वीकारला नाही. इंग्लंडमधील जेम्स क्रॉम्बी याने तर बंदिवान कन्या व जुलमी धनी यांची अद्भुतकथा म्हणून त्याची थट्टा केली. या विरोधाला केवळ हट्ट म्हणून निकालात काढणे न्याय्य होणार नाही. ज्या वर्गाच्या अध्ययनात या विद्वानांचे आयुष्य गेले, तो वर्गच निसर्गात नाही असे त्यांना सांगितले जात होते. परंतु पुरावा वाढत गेला. माक्स रेस (१८७१) व एडुआर्द बोर्ने (१८७३) यांच्या संशोधनाने द्वैतसिद्धांतास बळकटी आली, आणि १८७७ मध्ये एर्न्स्ट श्टाल याने कवकाचे बीजाणू व शैवल एकत्र वाढवून फलधारी शैवाक सिद्ध केला.

आता प्रश्न उरला तो नावाचा. बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञ व्हान बेनेडेन याने १८७५ च्या ग्रंथात प्राण्यांच्या संबंधांचे सहभोजी, परस्परोपकारी व परजीवी असे भेद केले होते. हे भेद लाभहानीवर आधारलेले होते. आल्बेर्ट फ्रांक याने मात्र १८७७ मध्ये शैवाकासाठी, कोणाची भूमिका काय याचा निर्णय बाजूला ठेवून, केवळ एकत्र राहण्याचा निर्देश करणारी संज्ञा योजिली. १८७८ मध्ये कासेल येथील व्याख्यानात आंटोन डी बारी याने 'सिम्बायोसिस' म्हणजे असमान जीवांचे एकत्र जगणे, अशी व्याख्या केली. या व्याख्येत परजीवनही अंतर्भूत होते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे अनेक लेखकांनी हीच संज्ञा परस्परलाभापुरती संकुचित केली. विसाव्या शतकातील संशोधनाने तो प्रश्न पुन्हा उघडला. शैवलाने तयार केलेल्या कर्बोदकांचा मोठा भाग कवकाकडे जातो, हे प्रयोगांनी दिसून आले. व्हर्नन अहमदजियान याने तर या संबंधास नियंत्रित परजीवन म्हटले. २०१६ मध्ये काही शैवाकांच्या बाह्यस्तरात किण्वरूपी दुसरे कवकही आढळल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे द्वैत हा शब्दही सर्वत्र पुरेसा राहिला नाही.

मराठीत 'सिम्बायोसिस'साठी रूढ झालेला 'सहजीवन' हा शब्द व्युत्पत्तीने डी बारीच्या व्याख्येशी जुळणारा आहे. परंतु व्यवहारात तो दांपत्यजीवनाचा निदर्शक असल्याने त्यास सौहार्दाची छटा आपोआप येते. ती छटा कवक व शैवल यांच्यावर लादली म्हणजे जे प्रयोगाने ठरवावयाचे, ते शब्दानेच ठरून जाते. श्वेंडेनरच्या गुलामगिरीच्या रूपकानेही हेच केले होते. सहवास प्रथम सिद्ध करावा आणि लाभहानीचा हिशेब प्रत्येक बाबतीत स्वतंत्रपणे मांडावा, ही फ्रांक व डी बारी यांची शिस्त आजही अभ्यासकास मार्गदर्शक ठरेल.