बोस्टन ते ओतूर : एका शिक्षिकेच्या सागरप्रवासाची गोष्ट

१/
२० एप्रिल १८७७. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून सावित्रीबाई फुले यांनी जोतिरावांना एक पत्र लिहिले. दुष्काळाने मुलूख होरपळत होता. गुरे मरत होती आणि माणसे बिऱ्हाड उचलून गाव सोडत होती. हे पत्र लिहिणारी स्त्री शिक्षिका कशी झाली, याचा मागोवा घेतला तर तो पन्नास वर्षे मागे, सातासमुद्रापलीकडच्या बोस्टन बंदरापर्यंत जातो. ही त्या प्रवासाची कथा. (धागा)

२/
जून १८२७. अमेरिकेतील बोस्टनहून एक जहाज हिंदुस्थानकडे निघाले. त्यावर सिंथिया फरार नावाची बत्तीस वर्षांची अविवाहित शिक्षिका होती. न्यू हॅम्पशायर राज्यातील मार्लबरो हे तिचे जन्मगाव. मुंबई इलाख्यातील मुलींना शिकवणे एवढेच काम तिच्याकडे सोपवलेले होते. परदेशी जाऊन लहान मुलांना शिकवणे ही आज तरुणांना आकर्षक वाटणारी गोष्ट आहे. त्या काळी मात्र एकट्या स्त्रीने असे निघणे जवळजवळ अभूतपूर्व होते.

३/
तिला पाठवणारी संस्था होती 'अमेरिकन बोर्ड'. या मंडळाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांनी मराठी शिकून घेतली, छापखाना काढला, मुलांच्या शाळा उघडल्या. १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. परंतु देखरेख कोणी करायची, हा प्रश्न सुटेना. मिशनऱ्यांच्या पत्नी संसार सांभाळून शाळा पाहत. या कामाला पूर्णवेळ वाहून घेणारी व्यक्ती हवी होती, आणि म्हणून मंडळाने आपला संकोच बाजूला ठेवून एका अविवाहित स्त्रीला समुद्रापार धाडले.

४/
सुवेझचा कालवा खुला होण्यास अजून बेचाळीस वर्षे अवकाश होता. जहाज आफ्रिकेला वळसा घालून आधी कलकत्त्यास पोहोचले. तेथून पुढचा प्रवास करीत फरारबाई डिसेंबर १८२७ च्या अखेरीस मुंबईत दाखल झाल्या. घर सोडल्यापासून जवळजवळ सात महिने लोटले होते. घरी पाठवलेल्या पत्राचे उत्तर यायचे तर वर्ष सरायचे. अशा प्रवासाला निघणारी व्यक्ती परतीची तारीख ठरवून निघत नसे.

५/
मुंबईत त्यांच्यापुढे पहिली भिंत होती ती भाषेची. दुसरी त्याहून उंच होती. लिहिणारी-वाचणारी मुलगी विधवा होते, अशी समजूत घराघरांत रुजलेली होती. शिवाय मुलीचे लग्न आठ-दहाव्या वर्षी उरकले जाई, म्हणजे शाळेसाठी उरणारी वर्षे बोटांवर मोजण्याइतकीच. अशा परिस्थितीत १८२९ पर्यंत अमेरिकन मिशनच्या शाळांत चारशेच्या आसपास मुलींची नावे पटावर होती. वाचन, लेखन, गणित आणि शिवणकाम हे मुख्य विषय.

६/
मात्र पटसंख्या ही अर्धीच गोष्ट झाली. शाळा मिशनची होती आणि धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता. बायबलचे पाठ अभ्यासक्रमात होतेच. त्यामुळे पालकांच्या मनात धास्ती असे, आणि ती निराधार नव्हती. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा मोठे वादळ उठले आणि कितीतरी मुले शाळेतून काढून घेण्यात आली. परक्या शाळेतील विद्या हवी, परंतु तिच्यासोबत येणारी अट नको, हा पेच त्या पिढीपुढे होता.

७/
१८३७ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे फरारबाई अमेरिकेला परतल्या. दहा वर्षे सेवा झाली होती. तेथेच थांबल्या असत्या तरी कोणी बोल लावला नसता. परंतु १८३९ मध्ये त्या पुन्हा निघाल्या. या खेपेस त्यांची नेमणूक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाली. पुढची सारी वर्षे त्यांनी तेथील मुलींच्या शाळांसाठी वेचली. याच नगरमधून १८४२ साली अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

८/
आता नगरहून पुण्याकडे वळू. जोतिराव फुले यांचे इंग्रजी शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त अहमदनगरला होते. गोवंडे यांनी जोतिरावांना फरारबाईंच्या शाळा दाखवायला नेले. वर्गात ओळीने बसून वाचणाऱ्या मराठी मुली जोतिरावांनी पाहिल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे विशीचे होते.

९/
या भेटीचा परिणाम काय झाला, हे अनुमानाने सांगावे लागत नाही. स्वतः जोतिरावांनी ते सांगितलेले आहे, आणि तो वृत्तान्त १५ सप्टेंबर १८५३ च्या 'ज्ञानोदय'मध्ये छापलेला आहे. नगरच्या शाळा पाहून आपल्याला समाधान वाटले, पुण्याला परतताच आपण मुलींची शाळा काढली आणि पत्नीलाही शिकवून तयार केले, असा त्याचा आशय. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात ती शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या.

१०/
येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. जोतिरावांनी फरारबाईंकडून शाळेची कल्पना उचलली, तिचा हेतू उचलला नाही. पुण्यातील शाळांचा कारभार येथल्याच माणसांच्या मंडळीकडे राहिला. वर्गात व्याकरण, गणित, भूगोल, नकाशावाचन, मराठ्यांचा इतिहास असे विषय आले. धर्मांतराचा प्रश्नच नव्हता. दुसरीकडे, ज्यांना कोणत्याही शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती त्या महार-मांग मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या. परक्या भूमीतून आलेले रोप येथल्या मातीत वेगळ्याच अंगाने वाढू लागले.

११/
या वाढीचा एक सुंदर पुरावा पुन्हा 'ज्ञानोदय'मध्येच सापडतो. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने दोन भागांत छापला. आपल्याला कोणता धर्म आहे, असा थेट प्रश्न तिने त्यात उपस्थित केला. एका अमेरिकन शिक्षिकेची शाळा पाहून सुरू झालेल्या परंपरेतील विद्यार्थिनी अमेरिकन मिशनच्याच पत्रात लिहीत होती, आणि लिहीत होती ते सर्वस्वी स्वतःचे.

१२/
सिंथिया फरार २५ जानेवारी १८६२ रोजी अहमदनगरला निधन पावल्या. मुंबईत पाऊल ठेवल्यापासून चौतीस वर्षे झाली होती. मधला दोनेक वर्षांचा खंड वगळता हा सारा काळ त्यांनी याच भूमीत काढला. पुण्यातील शाळांनी कोणते वळण घेतले होते, ते त्यांच्या हयातीतच दिसू लागले होते. मात्र त्यांच्या पाठीमागे पंधरा वर्षांनी जे घडले, त्यासाठी आपल्याला जुन्नरला यावे लागेल.

१३/
जुन्नर आणि आंबेगाव हा पुणे जिल्ह्याचा उत्तरेकडील टापू. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, नाणेघाट, माळशेज. तेथून कुकडी, मांडवी, घोड या नद्या पूर्वेला उतरतात. पश्चिमेच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि पूर्वेचे पठार आभाळाकडे डोळे लावून बसते. कल्याणहून माळशेज चढून नगरकडे जाणाऱ्या वाटेवर ओतूर लागते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाला जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्यांत भक्कम आधार लाभला होता.

१४/
१८७६ चा पावसाळा कोरडा गेला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत महादुष्काळ पसरला. सरकारने खडी फोडण्याची, तलाव खोदण्याची कामे काढली. परंतु काटकसर हे सरकारी धोरणाचे सूत्र होते. रिचर्ड टेंपल यांनी सुचवलेल्या मापानुसार दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला सुमारे एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी बसे. या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे सातत्याने दाद मागितली.

१५/
या काळात सेहेचाळीस वर्षांच्या सावित्रीबाई पुण्याहून जुन्नर भागात आल्या. सत्यशोधक कार्यकर्त्यांनी गावोगाव मदतकार्य उभारले होते. ओतूरहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी डोळ्यांपुढचे चित्र मांडले आहे. चाऱ्यावाचून गुरे पडत आहेत, पोटासाठी माणसे निवडुंगाची फळेही खात आहेत, आणि धान्य व पाणी दुर्मीळ होऊन लोक परागंदा होत आहेत. फुले दांपत्याच्या पत्रव्यवहारातील सावित्रीबाईंची तीन पत्रे त्यांच्या समग्र वाङ्मयात समाविष्ट आहेत. त्यांतील हे शेवटचे.

१६/
पत्रात एक प्रसंग येतो. सावकारांच्या घरांवर हल्ले झाले आणि त्याचा आळ सत्यशोधकांवर घेऊन सुमारे पन्नास जणांना पकडण्यात आले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावले. मदतीला धावलेल्या सज्जनांना खोट्या आरोपाखाली का धरले, असा जाब त्यांनी विचारला. कलेक्टरने त्यांचे म्हणणे मानले, कार्यकर्त्यांना सोडून दिले आणि ज्वारीच्या चार गाड्या पाठवल्या. ज्या काळी लेखणी हाती धरणारी स्त्री अपशकुनी समजली जाई, त्याच काळी एक शिक्षिका जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुढे उभी राहून युक्तिवाद करीत होती.

१७/
त्याच वर्षी मे महिन्यात सत्यशोधक समाजाच्या वतीने जोतिरावांनी मदतीचे जाहीर आवाहन केले. पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी 'व्हिक्टोरिया बालाश्रम' चालवला जात होता. अनाथ झालेली आणि आईबापांना पोसता न येणारी लेकरे तेथे जेवत. मुलांना शिकवण्याचे व्रत घेतलेल्या या मंडळींना एक सत्य पुरते उमगले होते : उपाशी मूल पाटीपुढे बसू शकत नाही. शाळेचा मार्ग कधीकधी स्वयंपाकघरातून जातो.

१८/
आता तीन टप्पे एका ओळीत ठेवून पाहावेत. १८२७ : एक परदेशी स्त्री मुलींना शिकवण्यासाठी सात महिन्यांचा प्रवास करते. १८४८ : तिची शाळा पाहिलेला तरुण आपल्या शहरात, आपल्या पद्धतीने शाळा काढतो. १८७७ : त्या शाळेत घडलेली शिक्षिका ओतूरला दुष्काळाशी झुंजते. पहिल्या टप्प्यावरच्या व्यक्तीला तिसरा टप्पा ठाऊक असणे शक्यच नव्हते. तिने जे योजले होते ते वेगळे होते, आणि जे उगवले ते त्याहून निराळे.

१९/
म्हणून फरारबाईंना येथील स्त्रीशिक्षणाच्या एकमेव जननी ठरवणे चूक, आणि केवळ धर्मप्रसारक म्हणून पुसून टाकणे हीदेखील चूक. स्वतः जोतिरावांनी दोन्ही टाळले. जे पाहिले त्याचे श्रेय त्यांनी नाव घेऊन दिले, आणि जे उभारले ते स्वतःच्या बुद्धीने उभारले. ऋण मान्य करण्यासाठी मिंधे व्हावे लागत नाही, हे त्यांच्या त्या १८५३ च्या कथनातून दिसते.

२०/
आज जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी पट्ट्यात, महादेव कोळी वाड्या-वस्त्यांवर, सुट्टीत शिकवायला जाणारे तरुण दिसतात. काहीजण तसेच परदेशीही जातात. आठवडाभराने छायाचित्रे घेऊन परतताना मागे काय उरते, हा प्रश्न त्यांना पडतोच. फरारबाईंच्या चौतीस वर्षांतून निघणारे उत्तर साधे आहे. पाहुणा शिक्षक निघून जातो. त्याचा वर्ग दाराशी उभे राहून पाहणारा एखादा स्थानिक तरुण मागे राहतो. पुढची शाळा तो काढतो.

२१/
माळशेज चढून नगरच्या दिशेने जाताना ओतूर लागले, तर क्षणभर थांबावे. १८७७ च्या त्या वैशाखवणव्यात येथेच कोठेतरी बसून सावित्रीबाईंनी पत्र लिहिले. जिच्या शाळेने जोतिरावांना वाट दाखवली ती शिक्षिका याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नगरमध्ये, पंधरा वर्षांपूर्वी चिरविश्रांती घेती झाली होती. (समाप्त)