भोपळा म्हणजे पास

परीक्षेत भोपळा मिळवणाऱ्या पोरांच्या बापांना शाळेत बोलावण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. त्यामुळे कॉम्प्युटरच्या जगात शून्य म्हणजे 'सगळे ठीक' आणि एक, दोन, तीन हे नापासाचे आकडे, असे पुतण्याने सांगितले तेव्हा तो माझी थट्टा करतोय असेच वाटले. पण ते खरे आहे. आणि त्या आकड्यांपायी माझे जे नुकसान झाले, ते आज लिहून टाकतो. घरच्यांना ठाऊक आहे, ब्लॉगवरच्या मित्रांना नाही.

२००८ साली निवृत्त झालो आणि अहिराणी शब्द गोळा करायचे मनात घेतले. माझी मावशी धुळ्याजवळच्या एका खेड्यात राहायची. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण जात्याचे, वावराचे, बैलाच्या साजाचे शब्द तिच्या जिभेवर. दर पंधरा दिवसांनी जळगावहून एरंडोल-पारोळा करत मी लॅपटॉप घेऊन जायचो. पुण्याच्या पुतण्याने मला एक छोटा प्रोग्राम करून दिला होता. शब्द टाका, अर्थ टाका, 'जतन' दाबा, की पडद्यावर 'नोंद झाली' असे यायचे. मावशी प्रत्येक शब्दानंतर विचारायची, "लिखी लिधं का रे भाऊ?" मी पडद्याकडे पाहून म्हणायचो, "हा, लिखी लिधं."

२०११च्या चैत्रात मावशी गेली. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांना तिचे शब्द वाचून दाखवावेत म्हणून यादी उघडली. ती २०१०च्या दिवाळीला संपलेली! त्यानंतरच्या पाच महिन्यांतला एकही शब्द नाही. प्रत्येक वेळी 'नोंद झाली' हे मी या डोळ्यांनी पाहिले होते. जुनी यादी मात्र मी कधी चाळली नव्हती. दीड हजार शब्द कोण चाळतो?

पुतण्या धावत आला. अर्ध्या तासात त्याला सापडले. दिवाळीला आला होता तेव्हा 'काकांच्या हातून चुकून पुसले जायला नको' म्हणून त्यानेच त्या फाइलवर फक्त-वाचनाची खूण केली होती. काळजीपोटीच केली होती. पुढचे समजावून घ्यायला मला बरेच दिवस लागले, आणि त्यातूनच हा इतिहास कळला.

प्रोग्रामच्या पोटात जो डेटाबेस होता त्याचे नाव एसक्यूलाइट. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन माणसाने तो २००० साली लिहायला घेतला. तेव्हा तो अमेरिकी नौदलाच्या 'ऑस्कर ऑस्टिन' या विनाशिकेसाठीच्या एका प्रोग्रामवर काम करत होता. जहाजाला इजा झाली, पाइप फुटला, तर कोणता व्हॉल्व बंद करायचा हे सांगणारा तो प्रोग्राम. माहिती इन्फॉर्मिक्स या मोठ्या डेटाबेसात होती आणि त्याचा सर्व्हर बंद पडला की पडद्यावर नुसते 'जोडणी होत नाही' असे यायचे. संकटकाळासाठी केलेले यंत्र संकटात मुके! म्हणून हिपने ठरवले की सर्व्हर नकोच, डेटाबेस प्रोग्रामच्या आतच बसवावा आणि माहिती साध्या एका फाइलीत असावी. पहिली आवृत्ती ऑगस्ट २०००मध्ये निघाली. आज तुमच्या-माझ्या प्रत्येक मोबाइलात तो आहे.

हा डेटाबेस सी भाषेत लिहिला आहे. त्या भाषेत एखादे काम सांगितले की ते काम करणारे फंक्शन उत्तरादाखल एक आकडा परत देते. यशाला शून्य का? काम नीट होणे एकाच तऱ्हेचे असते, बिघडण्याच्या तऱ्हा मात्र अनेक, आणि प्रत्येक तऱ्हेला वेगळा आकडा हवा. १९७०च्या दशकातल्या युनिक्सपासून ही रीत रुळलेली आहे. एसक्यूलाइटमध्ये ५ म्हणजे फाइल दुसरा कोणी वापरतोय, थांबा. ११ म्हणजे फाइलच बिघडली. १३ म्हणजे डिस्क भरली. १०० म्हणजे 'एक ओळ मिळाली, घ्या' आणि १०१ म्हणजे 'काम पुरे झाले'. एकशे एक वाचून मला आहेराचे पाकीट आठवले. गंमत अशी की मोठ्या डेटाबेसांच्या जुन्या रिवाजात १०० म्हणजे 'काही सापडले नाही'. इथे तोच आकडा नेमका उलट बोलतो.

यादीतला १६ नंबर आज वापरात नाही, २४ही नाही. तरी ते दुसऱ्या अर्थाला दिलेले नाहीत. हे मला लगेच पटले. शाळेच्या जनरल रजिस्टरात पोरगा शाळा सोडून गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. जुना दाखला घेऊन कोण कधी येईल सांगता येत नाही.

आता माझे दुखणे. फक्त-वाचनाची फाइल असली तरी एसक्यूलाइट ती उघडतो आणि उघडण्याचे उत्तर शून्यच देतो. लिहायला गेलात की नकार येतो, त्याचा आकडा ८. पण पुतण्याने प्रोग्राम जुन्या पद्धतीने लिहिला होता. त्या पद्धतीत ओळ लिहिण्याच्या पायरीवर फक्त १ हा आकडा मिळे, म्हणजे नुसते 'चुकले'. काय चुकले ते कळायला आणखी एक फंक्शन बोलवावे लागे, तेव्हा ८ बाहेर येई. म्हणजे गुणपत्रिकेवर नुसते 'नापास', आणि विषय विचारायला ऑफिसात जा. लोकांची अडचण ओळखून जानेवारी २००७च्या आवृत्तीत नवी पद्धत आली. तिच्यात खरा आकडा तिथल्या तिथे मिळतो. त्याच्या थोडे आधी, २००६मध्ये, सविस्तर आकडेही आले होते. १० म्हणजे वाचता-लिहिताना घोटाळा, तर २६६ म्हणजे तो घोटाळा वाचतानाच झाला. २६६मधून २५६ वजा करा, मूळचा १० उरतो. गणिताच्या मास्तराला आवडेल अशी युक्ती आहे ही.

पण खरे सांगायचे तर जुनी पद्धत काय, नवी काय, माझ्या बाबतीत फरक पडला नसता. पुतण्याने मला कोडची ती ओळ दाखवली. फंक्शन बोलावले होते, आकडा परत आला होता, आणि तो कोणीही हातात घेतला नव्हता. खालच्याच ओळीत बिनशर्त 'नोंद झाली' लिहिलेले. आकडा पाहाच, अशी सक्ती सी भाषा करत नाही.

हे ऐकताना मला माझे मामा आठवले. ते सुरत-भुसावळ मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनावर स्टेशन मास्तर होते. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिली तरी नुसत्या 'हो'वर ते गाडी सोडत नसत. पलीकडचा मास्तर आपल्या गुप्त तक्त्यातला एक प्रायव्हेट नंबर सांगे, तो मामा रजिस्टरात लिहीत, आणि मगच पुढचे काम. नंबर मनाने भरता येत नसे, तो पलीकडूनच यावा लागे. लहानपणी मला तो नुसता सरकारी सोपस्कार वाटायचा.

पुतण्याला मी कधी रागावलो नाही. तो पंचविशीतला पोरगा, नोकरी सांभाळून रात्री जागून काकासाठी करत होता. आणि आकडा त्याने पाहिला नसेल, तर मी तरी कुठे यादी पाहिली? एसक्यूलाइटचे लोक मुद्दाम डिस्क भरल्याचे, मेमरी संपल्याचे सोंग आणून योग्य तो आकडा बाहेर येतो की नाही हे सतत तपासतात म्हणे. त्यांच्याकडून दर वेळी उत्तर बरोबरच आले होते, माझ्या लॅपटॉपमध्येही.

गेलेले शब्द तीनेकशे असावेत. एस.टी.त बसल्या बसल्या खिशातल्या डायरीत काही खरडले होते, त्यातून चाळीसेक परत मिळाले. काही गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून मिळवले, पण मावशी ज्या अर्थाने सांगायची तो अर्थ तोच आहे का, याची खात्री देणारे आता कोणी नाही. प्रोग्राम पुतण्याने दुरुस्त करून दिला. आता तो लिहिलेला शब्द फाइलीतून परत वाचतो आणि पडद्यावर दाखवतो. मी तो वहीतही उतरवतो.