संख्या पूर्ण, तरी रक्त थांबेना : प्लेटलेटमधील प्रथिनांच्या शोधाचा इतिहास

१/ डेंग्यूच्या दिवसांत महाराष्ट्रात घरोघरी एकच आकडा विचारला जातो : प्लेटलेट किती? निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट, म्हणजेच रक्तपट्टिका, असतात. आकडा घसरला की घर चिंतेत पडते आणि चढू लागला की जिवात जीव येतो. मात्र आकडा पूर्ण असूनही ज्यांचे रक्त थांबत नाही, अशीही माणसे आहेत. त्यांच्या आजाराचे कारण शोधताना वैद्यकशास्त्र मोजणीकडून प्रथिनांकडे कसे वळले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ एकोणिसाव्या शतकात हे कण सूक्ष्मदर्शकाखाली अनेकांना दिसले होते. १८६५ साली जर्मन शास्त्रज्ञ माक्स शुल्ट्झे यांनी त्यांचे वर्णनही केले. पण ती पांढऱ्या पेशींची मोडतोड असावी, असा अनेकांचा समज होता. १८८२ मध्ये इटलीतील तूरिनचे जूलिओ बिझ्झोझेरो यांनी जिवंत प्राण्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत त्यांचे निरीक्षण मांडले. वाहिनीला इजा होताच हे कण तेथे चिकटत, एकमेकांना धरत आणि भोक बुजवत. रक्तातील या स्वतंत्र घटकाचे काम त्यांनी दाखवून दिले.

३/ पुढची काही दशके प्लेटलेट म्हणजे मोजण्याची वस्तू राहिली. संख्या कमी तर रक्तस्राव जास्त, हे समीकरण बहुतेक रुग्णांना लागू पडे. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्नचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी या समीकरणाबाहेरचे रुग्ण नोंदवले. त्यांना लहानपणापासून रक्तस्रावाचा त्रास होता, तो घराण्यात चालत आलेला होता, आणि प्लेटलेटची संख्या मात्र पुरेशी होती. रक्त गोठल्यावर गुठळी आकसायला हवी, ती आकसत नव्हती. ग्लान्झमान यांनी दोष संख्येत नव्हे, प्लेटलेटच्या दुर्बलतेत असल्याचे सांगितले आणि आजाराला ‘थ्रोम्बास्थेनिया’ हे नाव दिले.

४/ दुर्बलता म्हणजे नेमके काय, हे सांगण्याचे साधन तेव्हा कोणापाशीच नव्हते. प्लेटलेट आकाराने अवघी दोन ते तीन मायक्रोमीटर. बॉस्टनचे जेम्स होमर राइट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवले होते की, ती अस्थिमज्जेतील प्रचंड मेगाकॅरिओसाइट पेशीचा सुटलेला तुकडा असते. तिला केंद्रक नसते. सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात तिला लागणारी बहुतेक प्रथिने मूळ पेशीकडून शिदोरीसारखी बांधून मिळालेली असतात. त्यामुळे तिचे काम समजून घ्यायचे तर ही शिदोरीच उघडून पाहावी लागणार होती.

५/ त्याआधी काम मोजता येणे आवश्यक होते. १९६२ मध्ये लंडन येथे गुस्ताव बॉर्न यांनी त्यासाठी सोपी रीत मांडली. प्लेटलेट असलेला रक्तद्रव गढूळ दिसतो. त्यात एडीपी हे रसायन घातले की प्लेटलेट एकत्र येतात, द्रव निवळतो आणि त्यातून अधिक प्रकाश आरपार जातो. तो प्रकाश मोजायचा. १९६६ साली पॅरिसच्या जाक काएन व सहकाऱ्यांनी थ्रोम्बास्थेनियाच्या १५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या प्लेटलेट एडीपी घालूनही एकत्र येत नव्हत्या. काय घडत नाही, ते कळले. का घडत नाही, हा प्रश्न मात्र उरला.

६/ उत्तराची वाट जेलच्या पातळ थरातून गेली. प्रथिनांची घडी एका डिटर्जंटने उलगडायची, मिश्रण जेलच्या एका टोकाला ठेवायचे आणि वीजप्रवाह सोडायचा. लहान प्रथिने पुढे धावतात, मोठी मागे रेंगाळतात. मग रंग दिला की प्रथिनांचे पट्टे उमटतात. शर्करा जोडलेल्या प्रथिनांना, म्हणजे ग्लायकोप्रोटिनांना, वेगळा गुलाबी रंग देता येतो. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर अशीच प्रथिने असतात.

७/ १९७४ मध्ये ॲलन नर्डेन आणि काएन यांनी थ्रोम्बास्थेनियाच्या तीन रुग्णांच्या प्लेटलेट अशा जेलवर तपासल्या. ग्लायकोप्रोटिनांच्या पट्ट्यांची मांडणी निरोगी माणसासारखी नव्हती. पुढच्याच वर्षी बर्नार्ड-सूलिए या दुसऱ्या आनुवंशिक आजारात वेगळ्याच पट्ट्यात उणीव आढळली. १९७७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड फिलिप्स व पॅट्रिशिया एगिन यांनी थ्रोम्बास्थेनियात दोन प्रमुख ग्लायकोप्रोटिने कमी पडतात, याचा अधिक स्पष्ट पुरावा दिला. ग्लान्झमान यांच्या ‘दुर्बलते’ला सुमारे साठ वर्षांनी ठोस रूप मिळाले.

८/ रुग्णांच्या रक्तातील या उणिवांनीच निरोगी प्लेटलेटचे कार्य शिकवले. बर्नार्ड-सूलिएमध्ये नसते ते प्रथिन प्लेटलेटला जखमी वाहिनीच्या भिंतीशी बांधते. थ्रोम्बास्थेनियात नसते ती जोडी, म्हणजे दोन-बी आणि तीन-ए, फायब्रिनोजेनला पकडते. फायब्रिनोजेनचा रेणू दोन प्लेटलेटमध्ये पूल बांधतो. एका प्लेटलेटवर अशा सुमारे ८०,००० जोड्या असतात. प्लेटलेट शांत असताना त्यांची पकड मिटलेली असते आणि इजेचा संकेत मिळाल्यावरच ती उघडते. ती सदैव उघडी असती, तर धडधाकट वाहिनीतही गुठळ्या झाल्या असत्या.

९/ येथे इतिहासाला वेगळे वळण लागते. हृदयविकाराच्या झटक्यात धमनीत हेच बंध जुळतात, फक्त नको त्या ठिकाणी. काही मुलांमध्ये ज्या प्रथिनाच्या अभावी रक्त थांबत नाही, तेच प्रथिन हृदयरुग्णात काही तास अडवता येईल का, असा विचार न्यूयॉर्क राज्यातील बॅरी कोलर यांनी केला. त्यांनी ही जोडी झाकणारे प्रतिपिंड उंदरांच्या पेशींतून मिळवले. त्यावर आधारित ॲब्सिक्सिमॅब या औषधाला १९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एका दुर्मिळ आजाराची समज असंख्य हृदयरुग्णांच्या उपयोगी पडली.

१०/ तरी साध्या जेलवर प्रामुख्याने विपुल प्रथिनेच दिसत. मानवी जनुकसंचाचा आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची त्याला जोड मिळाली. प्रथिनांचे तुकडे करायचे, त्यांचे वस्तुमान अचूक मोजायचे आणि जनुकांच्या यादीशी ताडून प्रथिन ओळखायचे, अशी ही रीत. अडचण प्लेटलेटच्या स्वभावातच होती. रक्त काढताना जरासा धक्का लागला तरी ती उत्तेजित होऊन आतला साठा बाहेर टाकते. नमुन्यात इतर रक्तपेशी मिसळल्या, तर त्यांची प्रथिनेही यादीत शिरतात. त्यामुळे यंत्राइतकेच महत्त्व रक्त हाताळण्याच्या शिस्तीला आले.

११/ २००४ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी हा साठाच अभ्यासाला घेतला. उत्तेजित प्लेटलेट ३०० हून अधिक प्रथिने बाहेर टाकतात, असे त्यांना आढळले. त्यांतील काही प्रथिने रोगग्रस्त धमन्यांच्या थरांतही सापडली. २०१२ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंडच्या गटाने चार निरोगी दात्यांच्या प्लेटलेटमधून सुमारे ४,००० प्रथिने ओळखली आणि त्यांपैकी सुमारे ३,७०० प्रथिनांच्या एका प्लेटलेटमागील प्रतींचा अंदाज दिला. यांतील सुमारे ८५ टक्के प्रथिनांचे प्रमाण दात्यागणिक फारसे बदलत नव्हते. निरोगी प्लेटलेट कशी असते, याचे मोजमाप आता हाती आले.

१२/ अर्थात, यादी म्हणजे कार्य नव्हे. क्लोपिडोग्रेल हे परिचित औषध ज्या ग्राहकावर काम करते, त्याच्या एका प्लेटलेटवर काही शेकडोच प्रती असतात. तरी गुठळीच्या घडणीत त्याचे वजन मोठे आहे. प्रथिनाला फॉस्फेट कधी जोडला जातो आणि कधी सुटतो, यावर संकेतांची ये-जा ठरते. म्हणून नव्या संशोधनाचा मोठा भर या क्षणिक बदलांवर आहे.

१३/ हा प्रश्न महाराष्ट्रापासूनही दूर नाही. थ्रोम्बास्थेनिया आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो. त्यामुळे मामाच्या मुलीशी विवाहासारख्या नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजीत आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांचा अभ्यास चालतो. १९७० च्या दशकात जेलवर पुसट दिसलेली ती जोडी आज प्रतिपिंडे व फ्लो सायटोमेट्रीच्या साहाय्याने थोड्याशा रक्तात मोजता येते.

१४/ निदान वेळेवर होण्याला येथे फार महत्त्व आहे. अशा रुग्णाला वारंवार प्लेटलेट चढवल्या, तर जे प्रथिन त्याच्या शरीराने कधी पाहिलेच नाही, त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. मग नेमक्या संकटाच्या वेळी चढवलेल्या प्लेटलेट निकामी ठरतात. हिरड्यांतून, नाकातून सतत रक्त येणाऱ्या मुलाच्या अहवालात ‘प्लेटलेट पुरेशा’ असे लिहिलेले असले, तरी तपासणी तेथे संपत नाही. १९१८ मध्ये बर्नच्या डॉक्टरांनी हेच ओळखले होते.