उजाडायच्या आतली मंडळी : प्लिनीचं पत्र

आज आपण जे पत्र पाहणार आहोत ते ख्रिस्ती माणसाने लिहिलेलं नाही. आम्हाला त्याचं मोल वाटतं ते त्यामुळेच. इसवी सन 112 च्या सुमारास धाकटा प्लिनी हा बिथिनिया-पाँटस प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्याचा, रोमन राज्यपाल होता. ख्रिस्ती लोकांचे खटले त्याच्यापुढे येऊ लागले. काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने सम्राट ट्राजानला लिहिलं.

हे लोक करतात तरी काय? पंथ सोडून गेलेल्या काही जणांनी जबानी दिली. ठरलेल्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत जमायचो, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणायचो. चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणाची ठेव बुडवणार नाही, अशी शपथ घ्यायचो. मग पांगायचो आणि पुन्हा जेवायला एकत्र यायचो. जेवणही साधंच असायचं. एवढाच काय तो गुन्हा!

आता उजाडायच्या आत का, ते पाहा. काकडआरतीला उठणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. पण इथे कारण बहुधा अगदी व्यवहारातलं होतं. रविवारची सुट्टी कॉन्स्टंटाइनने दिली ती 321 साली. त्याआधी दोन शतकं गुलामाला, मजुराला सूर्य उगवला की कामावर हजर व्हावंच लागे. म्हणजे ही माणसं झोप मोडून येत होती.

आणि सरकारला भीती कसली, तर एकत्र येण्याचीच. निकोमेडिया शहरात मोठी आग लागली, तेव्हा आग विझवायला दीडशे माणसांचं पथक उभारू का, असं याच प्लिनीने विचारलं होतं. ट्राजानने नाही म्हटलं. माणसं कोणत्याही नावाने जमू द्या, थोड्याच दिवसांत तिथे राजकारण शिरतं, असं त्याचं मत. ज्याला आग विझवणारे खपले नाहीत, त्याला ही मंडळी कशी खपणार? सम्राटाच्या हुकमावरून प्लिनीने मंडळ्यांवर बंदी घातली. त्यानंतर आम्ही ते जेवणही सोडलं, असं त्या साक्षीदारांनी सांगितलं.

मग घरच्या घरी प्रार्थना का करू नये, असं कुणीही विचारेल. पण यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. प्रेषितांची पत्रं मोठ्याने वाचली जात ती सभेत. जो सभेला आला नाही, त्याच्या कानावर ती पडणारच नाहीत.

दुसरी गोष्ट आम्हाला त्याहून मोठी वाटते. खरं काय ते काढायला प्लिनीने दोन दासींचा छळ केला. गुलामाची साक्ष छळ करूनच घ्यायची, ही रोमन रीत. त्या दोघींना मंडळीत 'सेविका' म्हणत, असं तो लिहितो. हा मंडळीतला हुद्दाच म्हणायचा. धन्याच्या घरी कायद्याने त्या मालमत्ता होत्या. हुद्दा होता तो फक्त त्या पहाटेच्या जमावात, आणि जमाव मोडला की तोही गेला. छळातून प्लिनीच्या हाती काही गुन्हा लागला नाही. 'अवाजवी अंधश्रद्धा' एवढाच शेरा त्याने मारला.

ट्राजानचं उत्तर आलं : यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कुणी समोर आणून आरोप सिद्ध केला आणि माणूस मागे हटला नाही, तर शिक्षा द्या. म्हणजे सगळं अवलंबून राहिलं ते कोण कुणाचं नाव सांगतो यावर. पहाटे जमणाऱ्या प्रत्येकाला तर शेजारी बसलेल्याचं नाव ठाऊक होतं.