मंडालेचा वाचलेला महाल

मणिपूरला मोरेच्या पोस्टिंगवर होतो तेव्हा समोरच ब्रह्मदेश दिसायचा. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळकांचा तुरुंग आठवतो. पण मिंडोन राजाने १८५७ मध्ये वसवलेलं हे शहर कलावंतांचं होतं. तिथलं दरबारी नाटक मात्र शहराहून जुनं. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजेने सयामची राजधानी अयुथ्या लुटली आणि कैद्यांबरोबर नर्तक, कारागीरही आणले. रामायणाचं नाटक त्यांच्यामुळेच ब्रह्मी दरबारात रुजलं, असं मानतात. फौजेची लूट अशीही असते!

१८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला कैद केलं, पुढे रत्नागिरीला ठेवलं. कलावंतांचा पोशिंदाच गेला. मार्च १९४५ मध्ये आपल्या १९व्या इंडियन डिव्हिजनने जपान्यांकडून मंडाले घेतलं. त्या लढाईत सागवानी राजवाडा जळून गेला. मोठी वास्तू वाचली ती श्वेनांडॉ मठाची. मिंडोनने जिथे प्राण सोडला तो महाल. तिथे वडिलांचं भूत आहे म्हणे, म्हणून थिबाने तो उतरवून तटाबाहेर मठ म्हणून उभारला होता. त्याचं कोरीव काम अजून बघायला मिळतं.

१९४५ ची ती लढाई मेसमध्ये कितीदा तरी निघाली. या मठाचं नाव मात्र कुणी काढलं नाही, मीसुद्धा.